टॅनरांच्या भिंतीवरची सुरी

अरुण वडगावकर बसत नाहीत. कोणाच्याही घरी गेले की दाराजवळ उभे राहतात, ताटली हातात धरूनच जेवतात, आणि घरची बाई "अहो, टेका की जरा" म्हणाली की "बसतो, बसतो" म्हणत खिडकीकडे सरकतात. अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावात आम्ही तेवीस वर्षं शेजारी आहोत. एवढ्या वर्षांत माझ्या सोफ्यावर त्यांना बसलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. सुरुवातीला मला वाटलं, मूळव्याध असेल. तसं मी त्यांच्या बायकोला, प्रतिमाला, विचारलंही होतं. ती कसनुशी हसली आणि तिने विषय बदलला.

माझं नाव सुलेखा गोडबोले. आडनावावरून माणसाची पारख करू नये याचा मी चालताबोलता पुरावा आहे. इथल्या महाराष्ट्र मंडळातले निम्मे लोक माझ्या तोंडाला वचकून असतात. तरी आडनावावरून पारख करण्यातच माझा जन्म गेला. नवीन मराठी माणूस भेटला की आधी आडनाव विचारायचं, आडनाव कळलं की "मूळचे कुठले?" म्हणायचं, आणि उरलेलं मनातल्या मनात जुळवायचं. पुण्यात हे मी आईकडून शिकले आणि इथे येताना लोणच्याच्या बरणीबरोबर बांधून आणलं. विचारताना कधी वावगं वाटलं नाही. आपुलकीच वाटायची.

वडगावकर राहायला आले त्या दिवशी मी पोहे घेऊन गेले होते. भाड्याचा ट्रक दारात उभा होता, सहा वर्षांची अनिका खोक्यांवरून उड्या मारत होती. मी लगेच सुरू केलं. "वडगावकर म्हणजे कुठल्या वडगावचे? महाराष्ट्रात पायलीला पन्नास वडगावं."

"सोलापूरकडचं," अरुणराव म्हणाले.

"हो का? मग तुम्ही कोणाचे?"

त्यांनी हातातलं खोकं खाली ठेवलं, परत उचललं आणि दोन हात पलीकडे नेऊन ठेवलं. "शेतकरी," ते म्हणाले. "आंब्याची बाग होती वडिलांची."

"सोलापूरकडे आंबा? ज्वारी म्हणत असाल."

"होती थोडी झाडं," ते म्हणाले आणि ट्रकमध्ये शिरले. पोहे गार झाले तरी बाहेर आले नाहीत.

ती बाग पुढे चांगलीच वाढली. पाचवीत अनिकाला शाळेत घराण्याचा तक्ता करायचा होता, तेव्हा तिने आजोबांच्या शेजारी बारा झाडं काढली, प्रत्येकाला पिवळेधमक आंबे. झाडांची नावं तिने बाबांना विचारली होती आणि बाबांनी ती सांगितलीही होती. कॉलेजच्या अर्जातल्या निबंधातसुद्धा ती बाग आली. पोरीने वडगाव कधी पाहिलं नव्हतं. भारतात गेले की हे लोक प्रतिमाच्या माहेरी पुण्यात उतरायचे आणि अरुणरावांना दरवेळी नेमकं काहीतरी काम निघायचं.

अनिका आता एकोणतीस वर्षांची आहे. गेल्या सप्टेंबरात तिचं लग्न बेन टॅनर नावाच्या मुलाशी ठरलं होतं. बेन हायस्कूलमध्ये इतिहास शिकवतो, उंचपुरा, लाजाळू आणि खाण्याच्या बाबतीत अजिबात न लाजणारा. लग्नाच्या जेवणाला प्रत्येक टेबलावर एक कार्ड ठेवायचं, एका बाजूला त्याच्या आडनावाचा अर्थ आणि दुसऱ्या बाजूला तिच्या, ही कल्पना त्याचीच. त्याने आपली बाजू महिनाभर आधीच लिहून ठेवली होती. अनिकाने वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, "गावाचं नाव आहे फक्त." म्हणून ती माझ्याकडे आली. "काकू, तुम्ही मंडळाच्या अंकात लिहिता ना? काहीतरी इंटरेस्टिंग लिहा ना, प्लीज."

मला तेवढं पुरे होतं. मी लिहिलं: 'वडगावकर, म्हणजे वडगावचे पिढीजात वतनदार. गावाच्या नावाने ओळखलं जाणारं जुनं, मानाचं घराणं.' कशाच्या आधारावर? कशाच्याच नाही. आडनावाला 'कर' लागलं की माझ्या डोळ्यांसमोर आपोआप चौसोपी घर आणि पगडी येते. अनिकाने ते इंग्रजीत केलं आणि म्हणाली, "धिस इज परफेक्ट, काकू." कार्डं सोमवारी छापायला जायची होती.

त्याच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी मी केळवण केलं. अनिकाला इथे नात्याचं कोणी नाही, मग लग्नाआधी तिला जेवायला बोलावणार कोण? मी पुरणपोळ्या केल्या, अळूचं फदफदं केलं. बेन पुरणपोळी काट्याने खात होता, आणि माझे यजमान जगन्नाथ त्याला तुपाची धार कशी सोडायची ते शिकवत होते. अरुणराव अर्थातच दाराशी उभे.

जेवताना अनिकाने आधी माझा मजकूर वाचून दाखवला, मग बेनची बाजू. टॅनर म्हणजे जनावरांची कातडी कमावणारा. शब्द फार जुना, ओकच्या सालीवरून आलेला, कारण ती साल पाण्यात भिजवून त्यात कातडी मुरवायची. इंग्लंडात सात-आठशे वर्षांपूर्वी साध्या माणसांना आडनावंच नव्हती. एका गावात दहा जॉन असले की यादी करणारा कारकून पुढे धंदा लिहायचा, आणि बापाला लिहिलेला धंदा मुलाला चिकटायचा, मुलाने तो सोडला तरी. या लोकांना वासामुळे गावाच्या खालच्या अंगाला, नदीच्या उतारावर राहावं लागे, हेही बेनने लिहिलं होतं.

"अगं, ते कातडी-बितडी कशाला?" मी म्हणाले. "लोक जेवत असणार तेव्हा. 'लेदरचे व्यापारी' लिही. जरा डिसेंट वाटेल."

"बट इट्स ट्रू, काकू."

"खरं असेल, पण जगाला कशाला सांगायचं?"

बेनने विचारलं, काय म्हणतायत? अनिकाने सांगितलं. तो हसला, म्हणाला, व्यापारी असतो तर आमचं आडनाव मर्चंट झालं असतं. सगळे हसले. मी पुरणपोळीचं ताट फिरवायला वळले तर अरुणराव जागेवर नव्हते. त्यांची ताटली चपलांच्या कपाटावर ठेवलेली होती आणि पुरणपोळी तशीच होती.

आमच्या घरापुढे रस्ता संपतो तिथे मोठा गोल आहे, गाड्या वळवायला. खिडकीतून पाहिलं तर ते त्या गोलाला फेऱ्या घालत होते, हात मागे बांधून, मान खाली घालून. मी सात फेऱ्या मोजल्या. प्रतिमा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "पुरण जड पडलं असेल," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरलेले होते. मला काही उमगलं नाही. उलट रागच आला, एवढं रांधलं त्याचं काय?

शनिवारी सकाळी दहाला ते आले. माझ्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहिले, नळ सोडला, बंद केला.

"वहिनी, ते वतनदार काढा."

"का हो? छान लिहिलंय की."

"आम्ही वतनदार नव्हतो. शेतकरीही नव्हतो." त्यांनी पुन्हा नळ सोडला. "आम्ही ढोर. कातडी कमावणारे. बेनच्या आडनावाचा जो अर्थ आहे ना, तेच काम आमचं."

खोटं कशाला बोलू? माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की तेवीस वर्षं मला कसं कळलं नाही. मग कालचं माझंच वाक्य मला आठवलं आणि स्वतःची शिसारी आली. मी नळ बंद केला. 

मग ते बोलत राहिले, फ्रीजपासून खिडकीपर्यंत आणि परत. त्यांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी. चुन्याचे हौद, त्यात भिजलेली कातडी. केस निघाले की आतलं मांस खरवडायचं, मग कातडं पिशवीसारखं शिवायचं, त्यात बाभळीच्या सालीचं पाणी भरायचं आणि ते टांगून ठेवायचं. हे सगळं अरुणरावांनी चौदाव्या वर्षापर्यंत केलं होतं, शाळेच्या आधी आणि शाळेनंतर. नखं तपकिरी व्हायची, ती वर्गात मुठी मिटून लपवायची. घरात आडनाव असं नव्हतंच. पहिलीत घालताना मास्तरांनी दाखल्यावर आडनावाच्या जागी सरळ जात लिहिली. अरुण ढोर. हजेरीला रोज तेच.

"दहावीच्या फॉर्माआधी वडील जिल्ह्याला जाऊन आले. गॅझेटमध्ये नाव बदलून घेतलं. ज्या गावाने कधी आत घेतलं नाही, त्याच गावाचं नाव लावलं. मला म्हणाले, आता तुला कोणी ओळखणार नाही." ते खिडकीपाशी वळले. "ते खरं झालं, वहिनी. माझी पोरगीसुद्धा मला ओळखत नाही."

शिकागोला आले तेव्हा डेव्हन ॲव्हेन्यूजवळ राहायचे. तिथल्या वाणसामानाच्या दुकानात एका सांगलीच्या गृहस्थांनी आपुलकीने गणपतीला बोलावलं आणि आरती संपल्यावर तोच प्रश्न विचारला. त्यानंतर कोथिंबिरीसाठी हे दोन बस बदलून दुसरीकडे जायला लागले. सांता क्लाराला ऑफिसातला एक सहकारी जेवणाच्या सुट्टीत पाठीवर थाप मारायचा आणि हात जरा जास्तच वेळ ठेवायचा, सदऱ्याखाली जानवं लागतं का ते चाचपत. सहा महिन्यांत यांनी मिनेसोटातली नोकरी धरली. इथली थंडी त्यांना आवडली. थंडीत लोक दारं लावून घेतात. पण ट्रक उतरवायच्या आत मी पोहे घेऊन हजर.

"मग सांगून टाका ना अनिकाला," मी म्हणाले. "तिला काही वाटणार नाही. इथली मुलगी ती."

"तुम्हाला सोपं आहे." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "मला कामाची लाज नाही वाटत. बेनने लिहिलेलं वाचून मला तर मत्सर वाटला. त्यांनाही गावाच्या खालच्या अंगालाच ठेवलं होतं. पण त्यांच्या नावाचा वास गेला, आमचा गेला नाही, आम्ही नाव टाकलं तरी. लाज वाटते ती बागेची. बारा झाडं, वहिनी! प्रत्येकाचं नाव सांगितलं मी तिला. तिने डिसेंबरची तिकिटं काढलीत. बेनला घेऊन बाग बघायला चाललीय. तिथे जाऊन तिला काय दिसणार? आणि मग माझं दुसरं काय खरं मानेल ती?"

मी म्हणाले, मजकूर मी काढते, दोन ओळी साध्या लिहिते, कार्डाचं निभेल. ते म्हणाले, कार्डाचं निभेल, डिसेंबरचं काय?  ते गेले. दुपारभर त्यांच्या आवारातून गवत कापायच्या यंत्राचा आवाज येत होता. गवत तर बुधवारीच कापून झालं होतं.

रविवारी बेनच्या आईवडिलांनी आम्हां सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. त्यांचं घर नदीपलीकडे, विस्कॉन्सिनमध्ये, दोन तासांवर. अनिका आणि बेन पुढे गेले होते. गाडी अरुणराव चालवत होते. इतक्या वेळा लेन बदलली की जगन्नाथांनी खिडकीवरचं हँडल धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. प्रतिमा एकदाच बोलली. "आज सांगा, नाहीतर मी सांगते." अरुणरावांनी इंडिकेटर दिला आणि पुन्हा लेन बदलली.

बेनचे वडील ग्लेन सत्तरीचे, आयुष्यभर शाळेची बस चालवलेले, हात फावड्याएवढे. जेवणाच्या खोलीत लांब टेबल, आणि भिंतीवर लाकडी पाटीवर लटकवलेलं एक अवजार. हातभर लांब, किंचित वाकलेलं पातं, दोन्ही टोकांना मुठी. खोलीत शिरताच अरुणरावांची नजर त्यावर गेली, ती मी पाहिली. मग ते लगेच खिडकीशी जाऊन बाहेरचं तळं बघायला लागले. तळ्यात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

मक्याची कणसं झाली, बटाटे झाले. ॲपल पाय कापायला घेतला तेव्हा अनिका म्हणाली, "ग्लेन, बाबांना सुरी दाखवा ना. कार्डासाठी तिचा फोटो घेतलाय आम्ही." मग वडिलांकडे वळून, "बाबा, धिस इज सो कूल. बेनच्या पणजोबांचे वडील वापरायचे."

ग्लेननी ती खाली काढली. त्यांचे ते पूर्वज इथल्या एका कारखान्यात कातडी कमावायचे. इंग्लंडात ओकची साल वापरायचे, इथे हेमलॉकची. नाव तिकडून आलं आणि कामही नावाबरोबर आलं, असं ते अभिमानाने म्हणाले. स्वतः ग्लेननी कधी हे केलं नव्हतं, पण त्यांना कल्पना होती. त्यांनी दोन्ही मुठी धरल्या, टेबलाच्या कडेवर एक टॉवेल टाकला आणि पातं स्वतःकडे ओढून दाखवलं. "असं."

"नाही," अरुणराव म्हणाले.

सगळ्यांनी मान वळवली. ते खिडकीपासून टेबलापर्यंत आले होते. मी प्रतिमाकडे पाहिलं, तिने हातातला काटा खाली ठेवला होता.

"ओढायची नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "ओढून कातडं फाटतं. ढकलायची." त्यांनी हात पुढे केला. ग्लेननी सुरी दिली. अरुणरावांच्या मुठी त्या मुठींवर बसल्या, अंगठे आतल्या बाजूला, मनगटं सैल. एरवी हे हात किल्ल्या वाजवत असतात, खिशातल्या पावत्यांचे बोळे करत असतात. आता ते हलत नव्हते. "उतरता ओंडका लागतो. त्यावर कातडं टाकायचं, वरचं टोक पोटाने दाबून धरायचं आणि अंगाचा भार देऊन खाली ढकलत न्यायची."

"तुम्हाला कसं माहीत?" ग्लेननी विचारलं. साधा, कुतूहलाचा प्रश्न. त्यात कुठलाही दुसरा प्रश्न लपलेला नव्हता. असा प्रश्न या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी विचारला असावा.

"माझे वडील टॅनर होते," अरुणराव म्हणाले. "आजोबाही. मीसुद्धा, चौदा वर्षांचा होईपर्यंत."

ग्लेन आणि त्यांची बायको आनंदाने ओरडलीच. बेन उठून उभा राहिला. अनिका मात्र हसली नाही. ती वडिलांच्या हातांकडे बघत होती.

"बाबा," ती मराठीत म्हणाली. ही पोरगी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते. "मग बाग?"

अरुणरावांनी सुरी टेबलावर ठेवली. "बाग नव्हती, बाळा. मी खोटं सांगितलं. आपण कोण ते लोकांना कळलं की लोक बदलतात, म्हणून तुला कळू दिलं नाही."

"झाडंपण नव्हती?"

"झाडं होती." ते म्हणाले. "आंब्याची नव्हती. बाभळीची होती, ओढ्याच्या काठाने. त्यांची साल काढायला मी पहाटे जायचो तात्यांबरोबर, तुझ्या आजोबांबरोबर."

मला वाटलं, ती रागावेल. तिला रागवायचा हक्कच होता. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हनुवटी रागाने थरथरत होती, दोन्ही एकदम. "यू मेड अप द नेम्स," ती म्हणाली. "बारा नावं, बाबा. आय स्टिल नो देम." मग तिने शेजारची खुर्ची मागे ओढली. "बसा इथे. सगळं सांगा. पहिल्यापासून. आणि खरं."

आणि अरुण वडगावकर बसले. नीट, पाठ टेकून. ग्लेननी त्यांच्यापुढे ॲपल पायची बशी सरकवली. बेनने कार्डाचा कागद आणला, आणि अनिकाने पेनाने माझी ओळ खोडली, वतनदारापासून घराण्यापर्यंत, एकच आडवी रेघ. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग ती वडिलांना विचारत गेली आणि लिहीत गेली. ओढ्याचं नाव काय, साल कुठल्या महिन्यात काढायची, शाळेतल्या दाखल्यावर काय लिहिलं होतं. तो शब्द त्यांनी सांगितला तेव्हा तिने तो दोनदा म्हणून पाहिला आणि मोठ्या अक्षरांत लिहिला.

तेवढ्यात अरुणरावांची नजर माझ्याकडे गेली. "वहिनी, तुम्ही पोहे आणले होते त्या दिवशी विचारलं होतंत, आम्ही कोणाचे. तेवढं उत्तर राहिलं होतं." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सहज परतवला असता.

"अहो, बसा ना, सुलेखाताई," प्रतिमा म्हणाली आणि तिने माझ्यासाठी खुर्ची पुढे केली.

"बसते, बसते," मी म्हणाले आणि खिडकीकडे गेले.